टाकणखाराची डबी

चांदीचे तुकडे जाळावर सांधताना, म्हणजे डाग देताना, लागते म्हणून टाकणखाराची डबी हुपरीच्या चांदी-कारागिरांच्या घरात जपूनच हाताळतात. पण त्या सकाळी राजवीरनं ती तानाबाईच्या पुढ्यात उपडी केली, आणि भुकटीत दडवलेली पुडी सुटून पांढऱ्या गोळ्या घरंगळत पैंजणांच्या ढिगात जाऊन पडल्या.

"ह्या कसल्या गोळ्या, काकी? रोज चहासंगं स्वप्नालीला देतीस. म्या बघितलंय."

तानाबाई त्याची चुलती. त्याचे आईबाप गेल्यावर तिनंच त्याला पदराखाली वाढवलं. स्वतःला मूल नव्हतं, पण त्याच्याकडं पाहून तिला ते कधी आठवलंही नाही... तिनं दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडं, स्वप्नालीकडं पाहिलं. पोरीची मान खाली गेली होती.

नवी नवरी असतानाच न्हाणीत तिला फिट आली होती. तानाबाईनं तिला कुशीवर वळवून धरलं, आणि शुद्धीवर येताच पोरीनं तिचे पाय घट्ट धरले. "आत्या, माहेरच्यांनी लपवलं हो. ह्यास्नी कळलं तर मला धाडून देतील. माझी मी सांगीन, तवर तुम्ही बोलू नका." तानाबाईनं शब्द दिला. तेव्हापासून गुडघेदुखीचं निमित्त करून ती एसटीनं कोल्हापूरला शाहूपुरीत जाई, माहेरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्या आणी, आणि नाव कुणी वाचू नये म्हणून त्या पाकिटातून सोलून, पुडीत बांधून डबीत लपवी. सुनेला ती घुंगरं जोडायला देई. जिथं डाग देतात त्या जाळाच्या बैठकीला मात्र कधी बसू देत नसे.

"गप का? लग्न होऊन एवढे दिवस झाले, पाळणा हलत न्हाय. तुझी कूस उजवली न्हाय, म्हणून तिचीबी उजवू द्यायची न्हाय, व्हय?"

तानाबाईच्या काळजात कुणी तापली सळई फिरवावी तसं झालं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. पण पोरीला शब्द दिला होता. राजवीरनं गोळ्या मोरीत लोटल्या, आणि संध्याकाळी मागच्या खोलीत तानाबाईची चूल वेगळी मांडली, तिच्या हातचं स्वप्नालीनं काही घ्यायचं नाही असं बजावून.

"आज सांगते, आत्या. सांगून दुसऱ्या आणवते," स्वप्नाली उंबऱ्यात पुटपुटली. पण आज गेला, उद्या गेला. नवऱ्याचा राग पाहिला की ती पुन्हा घुंगरं घेऊन बसे...

आणि एका दुपारी पुढच्या खोलीत भांडं कोसळलं. तानाबाई धावली. स्वप्नाली जमिनीवर ताठ होऊन हिसके देत होती, आणि भेदरलेला राजवीर तिच्या नाकाशी चप्पल धरून बसला होता.

"टाक ती चप्पल. कुशीवर घे तिला. गाडी बोलव." तानाबाईचा आवाज चढला तसा तो लहान पोरासारखा हलला.

कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचल्यावरही झटका थांबेना. इंजेक्शन झालं, दुसरं औषध शिरेतून चढवलं, तरी थांबेना. डॉक्टर संयोगिता बाहेर आल्या.

"आता भूल देऊन तिचा मेंदू झोपवावा लागेल. श्वासाला मशीन लावू, डोक्याला तारा लावून आतला झटका थांबला का ते बघू. पण कारण कळायला हवं. डोक्याला मार, मेंदूज्वर, साखर उतरणं, नाहीतर चालू गोळी एकदम बंद होणं. आधी फिट यायच्या का?"

"न्हाय. कसलंच औषध न्हाय तिला," राजवीर म्हणाला.

तानाबाईनं डोळे मिटले. पोरीला दिलेला शब्द एकीकडं, पोरीचा जीव एकीकडं... "यायच्या," ती म्हणाली. "गोळी चालू हुती. एकदम बंद पडली." आणि कमरेच्या पिशवीतून तिनं घडी पडलेली जुनी चिठ्ठी काढून दिली.

डॉक्टर चिठ्ठी घेऊन आत धावल्या. राजवीर काकीच्या शेजारी बाकावर बसला.

"म्याच मोरीत टाकल्या, काकी..."

"तुला ठावं नव्हतं, लेकरा."

"तू सांगायचंस की. म्या काय काय बोललो तुला."

"बोललास. आन् मीबी गप बसून चुकलेच. तिला एकदा तरी डॉक्टरकडं उघड आणायला पायजे हुतं." त्याचं डोकं तिच्या मांडीवर आलं, लहानपणी तापात यायचं तसं.

स्वप्नालीला झोपेतच ठेवलं. जुनी गोळी पुन्हा सुरू झाली, जोडीला नवी आली. तारा जोडलेल्या पडद्यावरच्या रेघा शांत झाल्या, मग भूल हळूहळू उतरवली. एकदा उतरवताना रेघा पुन्हा उसळल्या, पुन्हा झोपवावं लागलं. राजवीरनं दाराची जागा सोडली नाही... आणि एका सकाळी तिनं डोळे उघडले. पहिली नजर नवऱ्याकडं गेली, भ्यालेली.

"समदं कळलंय," तो तिचा हात धरून म्हणाला. "धाडून देत न्हाय. घरी न्यायला आलोय."

"मूल हवं असलं की आधी मला भेटा," घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या. "गोळी बघून बदलू. मनानं बंद मात्र करायची नाही."

मागच्या खोलीतली चूल राजवीरनं स्वतः मोडली. गोळ्यांचं पाकीट आता कामाच्या खोलीत, खिळ्याला, सगळ्यांच्या डोळ्यासमोर लटकतं. परवा पैंजण न्यायला आलेल्या चिमणाबाईनं विचारलंच, "कुणाच्या गं ह्या गोळ्या?"

जुन्या सवयीनं तानाबाई बोलून गेली, "माझ्या गुडघ्या..."

"माझ्या हायत," स्वप्नाली घुंगरू जोडता जोडता म्हणाली. "फिटच्या."