बिट्टीच्या काळ्या पट्टीचं गुपित

"पुढची ओळ! बिट्टे, पुढची ओळ वाच!" मामी टाळ्या पिटत म्हणाली.

बिट्टीनं मान किंचित वर केली. तिच्या डोळ्यांवर काळी मखमली पट्टी करकचून बांधलेली होती आणि हातात होता बिस्किटांचा पुडा.

"थंड... आणि कोरड्या... जागी ठेवा," ती एकेक शब्द वाचत म्हणाली. "आणि खाली लाल बाण आहे."

"बाई गं! रंगसुद्धा सांगितला!" मामीनं तोंडात बोट घातलं. "तिच्या अंतर्दृष्टीच्या वर्गाचे सर म्हणतात, अशी मुलगी हजारात एक!"

कालच सुट्टीसाठी मामाकडे आलेली शंकी दाराच्या चौकटीला टेकून हा चमत्कार बघत होती. तिचं खरं नाव वेगळंच होतं, पण बोलायला लागल्यापासून तिनं "पण असं का?" हा प्रश्न इतक्यांदा विचारला होता, की सगळे तिला शंकीच म्हणायचे. शेजारी तिचा धाकटा भाऊ भोंगा उभा होता. याची कुजबुजसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जाई, म्हणून तो भोंगा.

"बिट्टे, मलाही शिकव!" तो ओरडला. "परीक्षेत डोळे मिटून पुढच्या मुलाची उत्तरपत्रिका वाचेन!"

"आधी स्वतःची उघड्या डोळ्यांनी वाच," शंकी म्हणाली. तिनं टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि बिट्टीच्या कपाळासमोर धरलं. "हे वाच ना."

आठ वर्षांची बिट्टी ओठ चावत म्हणाली, "तिथं... तिथं लहरी पोचत नाहीत."

"उगाच छळू नकोस गं तिला!" मामी म्हणाली. "लहरी छातीपाशी असतात. सरांनी सांगितलंय."

शंकीच्या मनात पाल चुकचुकली. अक्षरं डोळ्यांशिवाय वाचता येत असतील, तर ती कपाळासमोर धरली काय नि छातीसमोर धरली काय, फरक का पडावा? पण ती काही बोलणार एवढ्यात मामा आत आला आणि येता येता दाराशेजारच्या खुर्चीवर धडकला.

मामाचं खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गेल्या वर्षापासून त्याची नजर कडेकडेनं कमी होत चालली होती. डोळ्यांतला दाब वाढलाय, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. गेलेली नजर परत यायची नाही, पण रोज थेंब घातले आणि वेळेवर ऑपरेशन केलं तर उरलेली राखता येईल. ऑपरेशन सोमवारी होतं. आज होता शनिवार.

"मामा, सोमवारी आम्ही पण येऊ दवाखान्यात?" भोंग्यानं विचारलं.

"दवाखाना कसला? मी ते रद्द करतोय," मामा हसून म्हणाला. "उद्या सरांचा कार्यक्रम झाला की फोन करून टाकतो. जी शक्ती लेकीत आहे ती बापातही असणारच, असं सर म्हणाले. फक्त औषधांनी ती झोपते. म्हणून थेंबही बंद केलेत मी."

शंकी दचकून मामाकडे बघत राहिली. मामाचा चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी असा खुलला होता. आणि बिट्टी? तिनं पट्टी सोडली होती आणि ती कुणाकडेच न बघता बिस्किटाचा कागद चुरगळत बसली होती.

दुपारी मामा आडवा झाल्यावर शंकी आणि भोंगा दुकानात उतरले. भिंतीवरची घड्याळं आपापल्या चालीनं टिकटिकत होती. शंकीनं बिट्टीची पट्टी भोंग्याच्या डोळ्यांवर घट्ट बांधली.

"काय दिसतंय?"

"काळोख. काळाकुट्ट काळोख. मी आंधळा झालोय, मला जेवण भरवा!"

"नाटकं पुरे. आता मान वर कर आणि नाकाच्या कडेनं खाली बघ."

भोंग्यानं मान वर केली. लगेच तो असा किंचाळला, की शंकीनं झटकन त्याचं तोंड दाबलं.

"माझे पाय!" तो तिच्या बोटांमधून पुटपुटला. "ताई, माझे पाय दिसतायत! नाकापाशी फट आहे!"

शंकीनं त्याच्या छातीजवळ दुरुस्तीची पावती धरली. त्यानं ती धडाधड वाचून दाखवली. मग पट्टी तिनं स्वतः बांधून पाहिली. पापण्या मिटल्यासारख्या करून नुसतं खाली बघायचं. नाक उंच असल्यामुळे पट्टी दोन्ही बाजूंना अलगद उचलली जात होती, आणि त्या एवढ्याशा फटीतून अख्खं पान दिसत होतं!

"पण ही पक्की खात्री नव्हे," शंकी म्हणाली. "फट बंद केल्यावर वाचता येतं का ते बघायला हवं."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाच्या रिकाम्या खोक्याचं झाकण घेतलं, मधोमध गळ्याएवढं भोक पाडलं आणि एक बाजू चिरून ते भोंग्याच्या गळ्याभोवती अडकवलं. हनुवटीखाली थाळी ठेवल्यासारखं ते दिसत होतं. आता खाली बघितलं तर फक्त पुठ्ठा! थाळीखाली पावती धरली, पाटी धरली, एवढंच काय, चॉकलेट धरलं. भोंग्याला काही म्हणजे काही ओळखता आलं नाही.

"चॉकलेट ओळखलं नाहीस म्हणजे सिद्धच झालं!" शंकी म्हणाली.

संध्याकाळी तिनं मामाला गाठलं. पट्टीला फट असते, एवढंच सांगितलं. बिट्टीचं नाव काढलं नाही. मामानं प्रेमानं तिच्या डोक्यावर टपली मारली.

"अगं, मी स्वतः बांधून बघितली ती पट्टी. मान वर केली, खाली केली, मला काही दिसलं नाही. आणि सर म्हणालेच होते, जवळची माणसंच आधी शंका घेतात."

शंकीच्या लक्षात आलं. मामाला दिसणार कसं? त्याची कडेची नजरच तर गेली होती! आणि हे त्याला तोंडावर सांगायचं तरी कसं?

बिट्टी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. शंकी तिच्या शेजारी उभी राहून चिमटे गोळा करायला लागली.

"मी पण बांधून बघितली पट्टी," शंकी हळूच म्हणाली. "नाकाच्या कडेनं दिसतं."

बिट्टीच्या हातातला टॉवेल खाली पडला आणि डोळे घळाघळा वाहायला लागले.

"मी खोटारडी नाहीये, ताई! पहिल्या दिवशी सगळी मुलं म्हणाली, दिसतंय दिसतंय. मला काहीच दिसत नव्हतं. सर म्हणाले, ज्यांना दिसत नाही त्यांची मनं स्वच्छ नसतात. मग मला खालून थोडं दिसलं, मी ते वाचलं, तर सर म्हणाले शाबास! मी त्यांना सांगितलं, 'सर, मला खालून दिसतंय.' तर म्हणाले, सुरुवात अशीच होते. कुणाला सांगू नकोस, नाहीतर शक्ती निघून जाईल."

"सरांना तू सांगितलं होतंस?" शंकी थक्क झाली. "म्हणजे त्यांना ठाऊक आहे!"

"आणि आता बाबा औषध घालत नाहीत," बिट्टी मुसमुसली. "माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे मुळीच नाही." शंकीनं तिला जवळ घेतलं. "उद्या तू काही करू नकोस. नुसती आईजवळ बस. बाकीचं आम्ही बघतो."

कार्यक्रम ग्रंथालयाच्या सभागृहात होता. खुर्च्या गच्च भरल्या होत्या. राखाडी कोटातले सर मऊ आवाजात बोलत होते आणि मामी पहिल्या रांगेत रुमालाच्या घड्या घालत-मोडत बसली होती. दोन मुलांनी पट्टी बांधून वाचून दाखवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पट्टी कुणाला तपासून बघायची असेल तर खुशाल या!" सर म्हणाले. असं ते दरवेळी म्हणत. लोक पुढे येत, पट्टी बोटांनी चाचपत आणि मान हलवत परत जात.

शंकी मंचावर गेली. तिनं पट्टी चाचपली नाही, सरळ डोळ्यांवर बांधली आणि सरांनी वाचायला ठेवलेलं पुस्तक हातात घेतलं.

"पान एकवीस," ती स्पष्ट आवाजात म्हणाली. "'बोट किनाऱ्याला लागली तेव्हा सगळे झोपले होते.'"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. सर क्षणभर चमकले, मग त्यांचा चेहरा उजळला.

"बाळ, तू वर्गाला कधी आली होतीस?"

"एकदाही नाही, सर."

"ऐकलंत?" सरांनी दोन्ही हात पसरले. "या सभागृहातल्या लहरींनीच हिची अंतर्दृष्टी जागी झाली!"

"माझ्या भावाची पण झालीय," शंकी म्हणाली.

भोंगा धावतच वर आला. पट्टी बांधून झाल्यावर शंकीनं भिंतीवरची एक पाटी काढून त्याच्या पोटापाशी धरली. त्यानं मान वर केली आणि छप्पर हादरेल अशा आवाजात वाचलं, "शांतता राखा! मोठ्यानं बोलू नये!"

लोक खो खो हसले. सरही हसले. "दोन्ही भावंडं जन्मजात असामान्य! मी खात्रीनं सांगतो, ही खरी शक्ती आहे!"

"नाही, सर," पट्टी हातात घेऊन शंकी म्हणाली. "आमच्याकडे कसलीही शक्ती नाही. आम्ही दोघं नाकाच्या फटीतून बघत होतो."

शंकी लोकांकडे वळली. "खोटं वाटत असेल तर बांधून बघा. रुमाल, ओढणी, काहीही. मान वर करा आणि नाकाच्या कडेनं खाली बघा."

कुणी हलेना. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या ग्रंथपाल बाईंनी आपला स्कार्फ काढून डोळ्यांवर बांधला. मान वर केली. आणि त्या एकदम म्हणाल्या, "अगंबाई! मला सरांचे बूट दिसतायत! डाव्या बुटाची लेस सुटलीय!"

मग काय विचारता! रुमाल निघाले, ओढण्या निघाल्या, कुणी टायच सोडून बांधला. पाणी पिणाऱ्या कोंबड्यांसारखी माना वर करून सगळी मोठी माणसं आपापली तिकिटं, चपला आणि घड्याळं बघायला लागली. "दिसतंय! मलाही दिसतंय!" हशाचा नुसता कल्लोळ उडाला.

मामीनं रुमाल बांधला. हातातली कार्यक्रमपत्रिका वाचली. आणि ती हसली नाही. रुमाल तसाच डोळ्यांवर ठेवून ती मटकन खुर्चीत बसली.

भोंग्यानं पुठ्ठ्याची थाळी आणली. "ही घातली की फट बंद," शंकी म्हणाली. "सर, तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणीही ही घालून वाचावं. एक ओळ वाचली तरी मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

सरांचा मऊ आवाज खरखरीत झाला. "ही पोरकट थट्टा आहे! अविश्वासाच्या लहरींपुढे शक्ती झाकोळते!"

"मी घालते."

पहिल्या रांगेतून आलेला आवाज इतका बारीक होता, की आधी कुणाला कळलंच नाही. बिट्टी मंचाच्या पायऱ्या चढत होती. शंकीनं तिला खुणेनं थांबवायला बघितलं, पण ती थांबली नाही. तिनं स्वतः पट्टी बांधली, थाळी गळ्यात अडकवून घेतली. शंकीनं थाळीखाली पुस्तक धरलं.

"मला काही दिसत नाही," बिट्टी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण अडखळला नाही. "कधीच दिसलं नव्हतं. मला खालून दिसायचं. मी सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, कुणाला सांगू नकोस."

आता कुणीच हसत नव्हतं. मागच्या रांगेत एक मुलगा उठला. "मलाही असंच सांगितलं!" मग आणखी एक मुलगी उठली. पालक मंचाकडे सरकायला लागले. सरांनी घाईघाईनं बॅग आवरली, पण ग्रंथपाल बाई दारात उभ्या होत्या. "थांबा. आधी या पालकांना उत्तरं द्या. आणि हे सभागृह तुम्हाला यापुढे मिळायचं नाही."

या गडबडीत मामा खुर्च्यांचा आधार घेत पुढे आला. बिट्टीसमोर खाली बसला आणि हातांनी चाचपत तिची पट्टी सोडवली.

"मला का नाही सांगितलंस, बेटा?"

"तुम्ही किती खूश होता, बाबा."

मामानं तिचे गाल पुसले. मग घसा साफ करून विचारलं, "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात येशील? मला जरा भीती वाटते."

बिट्टीनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि पुठ्ठ्याची थाळी दोघांच्या मध्ये चेंबली.

त्याच दिवशी मामीनं डॉक्टरीणबाईंना फोन करून काही न लपवता सगळं सांगितलं आणि त्यांच्या सांगण्यावरून थेंब पुन्हा सुरू झाले. सोमवारी ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा बाकावरची तिन्ही मुलं ताडकन उभी राहिली.

"नीट पार पडलं," त्या म्हणाल्या. "आणखी उशीर केला असता तर उरलेली नजरही हातची गेली असती. ती थाळीची युक्ती कुणाची?"

"ताईची! पण भोक मी पाडलं!" भोंगा ओरडला. परिचारिकेनं ओठांवर बोट ठेवलं.

"दोघांनाही शाबासकी," डॉक्टरीणबाई हसल्या. "तपासायचं कसं, ते तुम्हाला बरोबर कळलं. पुष्कळ मोठ्यांना नाही कळत."

मामी खिडकीपाशी उभी होती. ती शंकीजवळ आली. "मी रोज तिच्यासमोर बसायचे गं. मान वर करताना बघायचे. पण मला ते खरंच हवं होतं, म्हणून दिसूनही दिसलं नाही." तिनं शंकीचा हात घट्ट दाबला. "तू विचारत राहा. मी रागावले तरी विचार."

आत मामा उशीला टेकून बसला होता. एका डोळ्यावर पांढरं कवच होतं.

"शंकी आणि भोंगा, इकडे या. तुम्ही माझे डोळे वाचवलेत," तो म्हणाला. मग त्यानं हात पुढे केला. "आणि बिट्टी कुठंय? सगळ्यात कठीण काम तर तिनं केलं."

बिट्टी पलंगावर चढून त्याला बिलगली.

"बाबा, मी काय केलं? मला तर एक अक्षरही वाचता आलं नाही!"

"तेच तर," मामा म्हणाला. "भरल्या सभागृहात ते सांगायला फार मोठी छाती लागते."