कोरा रकाना

सकाळी बरोबर आठ वाजता कमांडर रघुवीर केळुसकरांनी हवेचा दाब सांगितला. "एक हजार नऊ मिलिबार. किंचित उतरतोय. कुमुद, कपडे आत वाळत घाल."

त्यांना जाऊन सात महिने झाले होते. आवाज येत होता तो फडताळावरच्या, पानाच्या डब्याएवढ्या यंत्रातून. त्याला 'स्वरप्रतिमा' म्हणत: माणसाच्या वह्या, पत्रे आणि ध्वनिमुद्रणे यांवरून त्याची बोलण्याची ढब आणि विचारांची रीत शिकलेला संगणक. रत्नागिरीत आता पुष्कळ घरांत असे दिवंगत बोलत असत.

कमांडरांच्या पत्नी कुमुदिनीबाई दोरी आत बांधू लागल्या. त्यांची मुलगी सुनेत्रा मात्र भिंतीकडे पाहत राहिली. ती मापनशास्त्रज्ञ होती. यंत्राला जोडलेला वडिलांचा दाबमापक तिने कालच तपासणीसाठी उतरवला होता. भिंतीवर नुसता खिळा होता.

"बाबा, हा आकडा कुठून आणलात?"

"दाबमापकावरून," यंत्र म्हणाले. आवाजात तसूभरही संकोच नव्हता.

सुनेत्राने वडिलांची लोखंडी पेटी उघडली. आत नौदलातल्या बावीस वर्षांच्या नोंदवह्या होत्या. एका युद्धनौकेच्या इंजिनघरात तेलाच्या दाबाचा काटा चार तास अडकला होता. त्या चार तासांचे रकाने कोरे होते. प्रत्येकात त्यांची आद्याक्षरे आणि शेजारी वरिष्ठांचा लाल शेरा: 'अंदाजे भरायला काय झाले होते?' पुढे अग्निबाणांच्या इंजिनांवर काम करतानाही त्यांनी असाच एक रकाना कोरा सोडून चाचणी थांबवली होती. अकरा दिवस सहकाऱ्यांनी टोमणे मारले. बाराव्या दिवशी इंधनाच्या नळीत केसाएवढी चीर सापडली.

तिने स्वरप्रतिमा बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, सरांच्या वह्यांत रिकाम्या जागा फार होत्या," पलीकडची तंत्रज्ञ म्हणाली. "आजूबाजूच्या नोंदींवरून आम्ही त्या भरून घेतल्या. नाहीतर प्रतिमा सारखी अडते, आणि घरच्यांना ते आवडत नाही."

"त्या राहून गेलेल्या नव्हत्या. मुद्दाम सोडलेल्या होत्या, सहीसकट."

"दुरुस्ती दुपारपर्यंत होईल. मात्र मग सर मोजकंच बोलतील."

"ते मोजकंच बोलायचे," सुनेत्रा म्हणाली. पण होकार काही तिच्या तोंडून निघेना. "तासाभरात कळवते."

कारण निराळेच होते. शेवटच्या सकाळी कमांडर टेबलाशी बसून पत्नीचे श्रवणयंत्र दुरुस्त करत होते. त्याविना कुमुदिनीबाईंना फारसे ऐकू येत नसे. त्या मागच्या पडवीत फणस चिरत होत्या. तासाभराने आत आल्या, तेव्हा ते खुर्चीत निष्प्राण होते. तेव्हापासून त्या यंत्राला रोज संध्याकाळी एकच विचारत, "अहो, मला हाक मारली होतीत का?" आणि यंत्र रोज म्हणे, "नाही गं. मला काही कळलंच नाही." मगच त्यांना झोप येई.

त्या तासाची नोंद कुणापाशीच नव्हती.

सुनेत्राने आईला सगळे सांगितले. न सांगण्याचा विचार तिने केला नाही असे नाही.

"म्हणजे हे थापा मारतायत?"

"बाबा नाही, आई. त्यांच्या नावावर दुसरंच कुणीतरी."

कुमुदिनीबाईंनी उघड्या वहीतल्या कोऱ्या रकान्यावरून बोट फिरवले. "मग कर दुरुस्त. त्यांच्या सहीवर खोटं नको."

संध्याकाळी त्या नेहमीसारख्या फडताळासमोर बसल्या. "अहो, मला हाक मारली होतीत का?"

यंत्रातून आवाज आला, "ठाऊक नाही, कुमुद. त्या वेळची नोंद नाही."

"हं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आता हे बोलले."

त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचे समाधान क्षणभर दिसले आणि मग सावकाश ओसरले. त्यांनी कानातले श्रवणयंत्र काढून तळहातावर ठेवले. त्याचे झाकण अर्धेच बसवलेले होते. दोनांपैकी एकच स्क्रू. सात महिने त्यांनी ते तसेच चिकटपट्टी लावून वापरले होते.

"सुनेत्रा, रकाना कोरा सोडायला ते शिकले होते. तूही शिकलीस," त्या म्हणाल्या. "पण तो तसा सोडून झोपायचं कसं, ते कुठे शिकवतात गं?"