सहावा गालिचा गप्प का बसला?

गालिचा हौदात एकदा जादा बुडवला, त्या बुडवणीतून रंगारी नरसप्पा मादगुंडींना काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की माणूस लबाड होता. पैसा मिळणार नव्हता, कारण गालिचा घरचाच होता. नावही होणार नव्हतं. मिळणार होतं ते एवढंच, की मोठ्या बहिणीने गालिच्यावरून हात फिरवावा आणि म्हणावं, "बरा झालाय." राजमणीअक्कांनी सगळ्या आयुष्यात हा शब्द दोनदाच वापरला होता. त्यांपैकी एकदा नवऱ्याबद्दल, तोही तो वारल्यावर.

साल २०६१. सोलापूरच्या पूर्व भागात रंगाचा एकच कारखाना उरला होता, तो नरसप्पांचा. त्यांच्या धंद्याचा एक नियम होता, आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला: डाग धरणारा माल दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. पाहुण्याने चहा सांडला आणि गालिच्याने तो धरून ठेवला, तर दोष चहाचा नाही, पाहुण्याचा नाही, रंगाऱ्याचा.

अक्कांची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी थकली. तेव्हापासून आठवड्यातून तीन दुपारी त्या घरीच, खिडकीजवळच्या खुर्चीत, रक्तशुद्धी यंत्राला (रक्त गाळून स्वच्छ करणाऱ्या यंत्राला) जोडून घेत. एका नळीतून रक्त बाहेर जायचं, दुसरीतून स्वच्छ होऊन परत यायचं. यात एक मोठा धोका असतो. परतीच्या नळीची सुई दंडातून निसटली, तर यंत्राला कधी कधी ते कळतच नाही. ते इमानाने रक्त ढकलत राहतं, फक्त ते माणसात न जाता जमिनीवर जातं. आणि माणसाला हाक मारायचं सुचण्याआधीच गुंगी येते.

म्हणून खुर्चीखाली गालिचा. साधा नव्हे, जाणता. तो बनवला विश्वंभर दासरी यांनी. ते कॉलेजात वस्त्ररसायन शिकवून निवृत्त झालेले, आणि अकरा वर्षांच्या निहिराचे आजोबा. गालिच्यावर रक्त पडलं की विजेचा इशारा जायचा, आणि रुग्णालयाने दिलेला काळजीवाहू यंत्रमानव मोठ्याने घंटा वाजवून शेजार गोळा करायचा. असे सहा गालिचे सहा रुग्णांच्या घरी चाचणीसाठी दिले होते, सहावा अक्कांकडे. सूत रंगवलं होतं नरसप्पांनी.

यंत्रमानवाला डोळे नव्हते. घरात कॅमेरा नको, असं रुग्णांनीच लिहून दिलेलं. त्याचं डोकं गोल आणि गुळगुळीत, म्हणून अक्कांनी त्याचं नाव बोडक्या ठेवलं होतं. दर पाच मिनिटांनी तो गालिच्याला विचारायचा आणि जाहीर करायचा, "गालिचा कोरडा आहे. सर्व ठीक आहे."

"तुझं तोंड नाही का रे कोरडं पडत, बोडक्या?" अक्का म्हणायच्या.

"मला तोंड नाही, राजमणीबाई."

"तोंड नसताना एवढं बोलतोस. असतं तर निवडणुकीला उभा राहिला असतास."

निहिरा शेजारीच राहायची. त्या तीन दुपारी ती अक्कांजवळ बसून गृहपाठ करायची. अक्का तिला भाकरी आणि शेंगाचटणी द्यायच्या, अक्षराला नावं ठेवायच्या, आणि गणित मात्र मन लावून ऐकायच्या.

पौषातल्या एका गुरुवारी निहिराच्या शाळेत धावण्याच्या शर्यती होत्या. त्या दुपारी अक्का एकट्या होत्या. बोडक्याच्या नोंदीत सुई निसटल्यानंतरची चार वाक्यं सापडली, चारही सारखीच. "गालिचा कोरडा आहे. सर्व ठीक आहे." पाचव्यांदा तो बोलला तेव्हा शेजारीण वाटी परत द्यायला आली होती. जमीन भिंतीपर्यंत लाल होती. अक्का गेल्या होत्या.

निहिरा शर्यतीत दुसरी आली होती. ते सांगायला ती पळत घरी आली होती.

रुग्णालयाचं पत्र चौथ्या दिवशी आलं. सहावा गालिचा का वाजला नाही, याचं कारण पुढच्या सोमवारपर्यंत कळवा. नाहीतर उरलेले पाचही परत घेऊ. विश्वंभर आजोबांनी पत्र दोनदा वाचून घडी घातली. उरलेल्या पाचांपैकी एक गालिचा महिन्यापूर्वीच खणखणला होता. जुळे सोलापुरातल्या एका बसचालक बाईंची सुई निसटली होती, आणि त्या आज जिवंत होत्या. गालिचा काढून घेतला, तर पुढच्या वेळी?

"घेऊ देत," आजोबा म्हणाले. "जो कधी बोलतो आणि कधी नाही, तो पहारेकरी नसलेलाच बरा."

ते दिवसभर अंगणाकडे पाठ करून बसले. जेवले नाहीत.

अक्कांच्या दहाव्यानंतर, शनिवारी, नरसप्पा आले. काखेत गुंडाळलेला गालिचा. त्यांनी तो उलगडून खाटेवर पसरला. मोरपंखी रंगाचा, कडेला चंदेरी रेघा.

"बघा मास्तर, नीट बघा," ते म्हणाले. आवाज बसलेला, पण त्यात काहीतरी ताठ उभं होतं. "माझी अक्का गेली याच्यावर. एवढं रक्त सांडलं. मी नुसत्या पाण्यानं धुतला. आहे का एक ठिपका? दाखवा की. लई नावं ठेवायची मला. म्हटलं, बघ अक्का, एक डाग नाही."

आणि मग ते रडले. पाणी पिऊन कारखान्यात परत गेले. गालिचा तिथेच राहिला.

निहिरा त्याच्याकडे बघत बसली. तिला अक्कांच्या आठवणीने रडायला येत होतं, पण रडण्याच्या मध्येच एक प्रश्न टोचत होता.

"आजोबा, शाई सांडल्यावर माझ्या दप्तराला डाग पडला. रक्ताचा तर पडायलाच हवा होता. मग याला का नाही पडला?"

विश्वंभर आजोबांनी मान वर केली. मग सावकाश उठून त्यांनी वाटीत मीठपाणी कालवलं (रक्तही खारट असतं, म्हणून चाचणीला मीठपाणी चालतं) आणि गालिच्यावर ओतलं. पाणी आत गेलंच नाही. अळूच्या पानावर नाचतात तसे मोत्याएवढे थेंब झाले, घरंगळले, आणि कडेवरून टपटप फरशीवर पडले. गालिच्याला जोडलेली तपासणीची घंटा गप्प.

आजोबांनी रिकामी वाटी खाली ठेवली.

"मी तपासला होता," ते पुटपुटले. "देण्याआधी सहाही तपासले होते. हासुद्धा वाजला होता. त्यानंतर हा कुणीतरी पुन्हा बुडवलाय."

कुणीतरी, असं ते म्हणाले खरे. पण गावात रंगाचा कारखाना एकच होता.

"मला नीट सांगा," निहिरा म्हणाली. "पहिल्यापासून."

"हे सूत नायलॉनचं आहे. नायलॉनच्या धाग्यात सूक्ष्म जागा असतात. समज, पंगत मांडलीय, पाट टाकलेत. रंगाच्या आंबट पाण्यात धागा बुडवला की त्या पाटांवर धन प्रभार येतो (विजेचे दोन प्रकार असतात, धन आणि ऋण, ते एकमेकांना ओढतात). रंगाच्या रेणूंवर (पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांवर) ऋण प्रभार असतो. ते येतात आणि पाटावर बसतात. धागा रंगला."

"आणि डाग?"

"सगळे पाट भरत नाहीत. काही रिकामे राहतात. उद्या कुणी लाल सरबत सांडलं, की सरबताचा रंग येऊन त्या पाटावर बसतो. आमंत्रण नसलेला पाहुणा, पण एकदा बसला की उठत नाही. तो डाग. म्हणून हुशार रंगारी काय करतो? बिनरंगी रेणू आणून उरलेल्या पाटांवर बसवून टाकतो. दिसत नाहीत, पण जागा अडवतात. हा पहिला उपाय. आणि दुसरा, त्याच बुडवणीत धाग्यावर अळूच्या पानासारखा पातळ लेप. पाणी टेकतच नाही. नरसप्पाच्या हातचं काम आहे हे. असं काम आता कुणाला येत नाही."

"पण मग घंटा?"

आजोबांनी चंदेरी रेघेवर बोट ठेवलं. "हा धातूचा रंगकण (न विरघळणारी बारीक भुकटी). काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख चुरगळला, की जशी चुरी होईल तशी. तिचे कण चपटे असतात. ते छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक पडले, की रेघ विद्युत्वाहक होते, म्हणजे तिच्यातून वीज वाहू शकते. अशाच दोन रेघा गालिच्याच्या आत तळाशी आहेत, शेजारी शेजारी, पण एकमेकींना न शिवणाऱ्या. मधे कोरडं सूत. रक्त झिरपून तळापर्यंत गेलं, की ते खारट पाणी दोन रेघांमधला पूल होतं. वीज पलीकडे जाते. घंटा वाजते."

निहिराने फरशीवर सांडलेल्या थेंबांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे पूल झालाच नाही. रक्त वरच्यावर गेलं."

"हं."

"मग बोडक्या खोटं बोलत नव्हता. गालिचा खरंच कोरडा होता."

आजोबा आत गेले, रुमाल आणि साखर घेऊन आले. "जीभ बाहेर काढ. रुमालाने पूस. आणखी. अगदी कोरडी कर." मग त्यांनी तिच्या जिभेवर चार दाणे ठेवले. "गोड?"

निहिराने मान हलवली. नाही. नुसती रेती. मग तोंडात पाणी सुटलं आणि गोडी हळूहळू उमटली.

"जिभेचंही असंच. साखर विरघळून आत शिरेपर्यंत तिला काही कळत नाही. जगातला कुठलाही संवेदक (जाणीव करून देणारं साधन) घे. ज्याची जाणीव व्हायची, त्याने संवेदकात थोडा तरी बदल करायला हवा. कुठे भिजवून, कुठे तापवून, कुठे नुसतं जवळ येऊन. ज्याच्यावर कशाचाच परिणाम होत नाही, त्याला कशाचीच खबर नसते."

"नरसप्पा आजोबांना सांगू नका," निहिरा एकदम म्हणाली.

"का?"

"ते मरतील."

"आणि नाही सांगितलं तर सोमवारी काय लिहू? कारण लिहिलं नाही, तर पाच गालिचे जातील. त्यावर पाच माणसं आहेत." मग त्यांचा आवाज खाली गेला. "आणि चूक त्याच्या एकट्याची नाही. मी त्याला सांगितलं होतं, फक्त रंग द्या, वर काही लावू नका. त्याने विचारलं, का? मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं, विजेचं काम आहे ते. चाळीस वर्षं मुलांना 'का' शिकवलं, आणि ज्याला लागत होतं त्याला सांगायला मला कमीपणा वाटला."

रविवारी सकाळी दोघं कारखान्यात गेली. सहा हौदांपैकी एकातूनच वाफ येत होती. निहिराने दोन तुकडे नेले होते, एक साधा, एक नरसप्पांच्या लेपाचा. दोन्हींना घंटा जोडली. तिने साध्या तुकड्यावर मीठपाणी ओतलं. पाणी झिरपलं, घंटा खणखणली. दुसऱ्यावर ओतलं.

थेंब नाचले. घरंगळले.

"बोलायचं काम नाही, पोरी," नरसप्पा म्हणाले. शहाण्या रंगाऱ्याला पाणी कसं वागतं ते सांगावं लागत नाही. "मास्तरांच्या शब्दाखातर नियम मोडून बाकीच्या पाचांना नुसता रंग दिला. परके होते ते. घरच्याला साधा माल देऊ का म्हटलं."

त्यांनी लेपाचा तुकडा उचलून तळहातावर ठेवला.

"म्हणजे मीच याचं तोंड बांधलं."

"नरसप्पा, मी तुम्हाला कारण सांगितलं नाही," विश्वंभर म्हणाले.

"नाही सांगितलं," नरसप्पा म्हणाले. माफ केलं असं म्हणाले नाहीत. आजतागायत म्हणालेले नाहीत. त्यांनी हौदाखालची आच बंद केली, आणि पुढचे दोन महिने कारखान्यातून वाफ आली नाही.

विश्वंभर आजोबांनी रुग्णालयाला सगळं कारण लिहिलं, स्वतःची चूक पहिल्या ओळीत. पाच गालिचे राहिले.

पुढची वाट निहिराने काढली. सगळा गालिचा डागरोधक करू नका. मधे वीतभर पट्टा बिनरंगी, बिनलेपाचा, तहानलेला ठेवा. खुर्चीखाली जे सांडेल ते त्या पट्ट्यात शिरू दे. गालिच्याला मधोमध खोलगटपणा दिला, की लेपावरून घरंगळलेले थेंबही तिथेच येतील. नवीन नियमही तिनेच लिहिला: शेवटच्या बुडवणीनंतर तपासायचं, आधी नाही. आणि प्रत्येक गालिच्याच्या पाठीवर, पट्टा का सोडलाय, ते शिवून लिहायचं.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नरसप्पांनी हौद पेटवला. पांढरा पट्टा सोडताना त्यांचा हात प्रत्येक वेळी थांबतो. त्या पाचांखेरीज आयुष्यभर जो माल दाराबाहेर जाऊ दिला नाही, तोच ते आता मुद्दाम बनवतात.

वर्षभरात असे चाळीस गालिचे घरोघरी गेले. ते एकोणतीस वेळा वाजले. पंचवीस वेळा चहा, एकदा मांजर, आणि तीनदा रक्त. ती तिन्ही माणसं जिवंत आहेत. त्यांतल्या एका आजींनी नरसप्पांना निरोप धाडला की पट्टा फार मळतो, पण गालिचा बरा झालाय. नरसप्पा तो निरोप ऐकून आत निघून गेले.

बोडक्या आता दुसऱ्या घरी आहे. तिथे अजून कुणी त्याला नाव ठेवलेलं नाही. निहिरा धावण्याच्या शर्यतीत भाग घेत नाही. तिच्या आजोबांना नरसप्पांच्या कारखान्यात रोज चहा मिळतो, गप्पा मिळत नाहीत. बचावले ते तिघे. त्यांच्याकडून कुणी काही घेतलं नाही. किंमत आधीच चुकती झाली होती. नरसप्पांनी, विश्वंभरांनी, निहिराने आपापला वाटा दिला, आणि सगळ्यांत मोठा अक्कांनी, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं.

सहावा गालिचा कारखान्याच्या भिंतीवर टांगलेला आहे. त्याच्यावर अजून एकही डाग नाही.