लवकर उकळलेला चहा

चहा दुसऱ्यांदाही फिकाच उतरला, तेव्हा जुईला वाटलं, पूडच जुनी झाली असावी.

तिनं सगळं नेहमीसारखंच केलं होतं. दोन कप पाण्यात किसलेलं आलं आणि साखर, मग पूड. उकळी आल्यावर आच मंद करून झाकण ठेवलं, जरा मुरू दिलं, मग गरम दूध घातलं. चंद्रावरच्या त्यांच्या घरात पृथ्वीइतक्याच दाबाची हवा भरलेली असे, त्यामुळे चहाही तसाच होत असे.

आबांनी, म्हणजे तिच्या आईच्या वडिलांनी, एक घोट घेऊन कप खाली ठेवला. आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलेला माणूस, पण चहाशिवाय त्यांचं पान हलत नसे.

"पूड यात नुसती पाय धुऊन गेली वाटतं," ते कपाळ दाबत म्हणाले. "सकाळपासून डोकं दुखतंय. कडक चहा मिळाल्याशिवाय थांबायचं नाही."

डोकं जुईचंही दुखत होतं. पण चहाला उशीर झाला की आबांचं डोकं दुखणारच, हे घरात ठरलेलं. त्यामुळे तिनं आपल्या डोक्याकडेही लक्ष दिलं नाही. तिला काळजी होती ती सहा महिन्यांच्या अर्णवची. आई रोपघरात कामावर जाताना दहादा बजावून गेली होती, बाळाकडे बघत राहा. त्याची दुधाची वेळ टळली, तरी तो उठला नव्हता.

"आबा, हा उठत का नाही?"

"झोपू दे गं. तो उठला की माझा चहा राहिलाच."

तिनं पुन्हा पाणी ठेवलं. ते बघता बघता खळखळू लागलं. इतक्या लवकर? जुईनं स्वयंपाकाचा तापमापक पातेल्यात बुडवला.

"आबा, पाणी उकळतंय, पण शंभर अंश नाही. ब्याऐंशीच दाखवतोय."

आबा ताडकन उठले. "बाळाला उचल. आधी बाळाला."

त्यांनी धोक्याची कळ दाबली. अर्णवला प्राणवायूच्या पिशवीत ठेवलं, मग दोघांनी मुखवटे चढवले. अर्णवचे ओठ निळसर दिसत होते.

"पण भिंतीवरचा दाबमापक तर हिरवाच आहे," जुई म्हणाली.

"तो अडकलाय. पाणी खरं सांगतंय." आबा भिंतीच्या सांध्यांवरून हात फिरवू लागले. "पाण्याच्या कणांना वाफ होऊन निसटायचं असतं. वरची हवा त्यांना दाबून धरते. हा वायुदाब (हवेचा सगळ्या बाजूंनी पडणारा भार). दाब पृथ्वीइतका असला, तर उकळायला पाण्याला शंभर अंशांपर्यंत तापावं लागतं."

"आणि हवा विरळ झाली तर?"

"दाबून धरणारंच कमी. मग उत्कलनबिंदू (ज्या तापमानाला द्रव उकळतो ते तापमान) खाली येतो. उंच डोंगरावर डाळ लवकर शिजत नाही, ती त्यामुळेच."

"म्हणजे पाणी उकळलं, पण पुरेसं तापलंच नाही. म्हणून पुडीचा रंग उतरला नाही." जुईचा आवाज बारीक झाला. "आपल्या घरातली हवा कुठून तरी बाहेर चाललीय."

"आणि डोकं चहावाचून दुखत नव्हतं. मला मेल्याला कळायला हवं होतं."

जुईची नजर पातेल्यावर गेली. वाफ सरळ वर जात नव्हती. ती कलून मोरीच्या कोपऱ्याकडे ओढली जात होती.

"आबा, तिथे."

नळीच्या सांध्याला केसाएवढी चीर होती. आबांनी त्यावर चिकट रबरी चकती दाबून धरली. वाफेचा कल गेला. टाकीतून ताजी हवा घरात भरू लागली. जुईच्या कानांत दडे बसले. ती पिशवीला कान लावून बसली. श्वास चालू होता, पण फार हळू.

"रड ना रे," ती म्हणाली. "एरवी तर कान किटवतोस."

दार उघडून आई आणि बचावपथकाची माणसं आत शिरली, आणि त्याच सुमारास अर्णवनं भोकाड पसरलं. आईनं त्याला उराशी धरलं. त्याला गप्प करायची घाई कुणीच केली नाही.

पथकातल्या डॉक्टरबाईंनी त्याला तपासलं आणि मान डोलावली. तेव्हा कुठे जुईनं मुखवटा काढला.

"आई," ती जमिनीवर बसत म्हणाली, "नवीन घरं बांधतायत ना, त्यांतल्या प्रत्येक चुलीत तापमापक बसवायला सांग. पाणी लवकर उकळलं की घंटा वाजेल. मी चित्र काढून देते."

आईनं डोळे पुसले आणि तिच्याशेजारी बैठक मारली. "काढ. घंटा बाळाच्या खोलीतही ऐकू येईल अशी काढ."