भुशातला दुसरा खळगा

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणायचे, अगदी सरसुद्धा. उंदरांचे पिंजरे तिच्या ताब्यात होते. प्रयोग साधा होता. आईचं दूध सुटल्या सुटल्या काही पिल्लं एकेकटी ठेवायची, बाकीची भावंडांत. मोठी झाल्यावर साखरेच्या गोळीसाठी कोण किती धडपडतं ते पाहायचं. पिंजऱ्यातली दांडी दाबली की गोळी पडायची.

पिल्लं वेगळी ताईनंच केली होती. त्यातली एक मादी बाकीच्यांसारखी चिरकली नव्हती, नुसती भावंडांकडे मान वळवून पाहत राहिली होती. तेव्हापासून तिच्या पिंजऱ्यासमोर ताईला अपराध्यासारखं व्हायचं.

एकटी वाढलेली इतर पिल्लं गोळीवर तुटून पडायची. ही मादी पहिली गोळी तोंडात धरून कोपऱ्यात न्यायची, तिथं ठेवून परत यायची. दुसरी तेवढी स्वतः खायची.

"साठवतेय," सर म्हणाले. "उंदीरच तो."

ताईनं पिंजऱ्यात अंथरलेला सगळा भुसा चाळला. साठा नव्हता. कोपऱ्यातली गोळी मात्र दरवेळी नाहीशी व्हायची, आणि मादी तर पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला असायची.

मग भुशातले खळगे ताईच्या नजरेत आले. एक मादीचा, त्याला लागून दुसरा, जरा लहान. मादी अंग चोरून झोपायची, कुणाला जागा करून द्यावी तशी. ती झोपलेली असताना ताईनं त्या रिकाम्या खळग्यात बोट घातलं. ऊब होती. शेजारची असेल, तिनं स्वतःला समजावलं. पण मादीच्या मानेमागचे केस ओले होते. कुणीतरी चाटून नीट बसवलेले. तिथं तिची स्वतःची जीभ पोचणं शक्यच नव्हतं.

ताई तडक सरांकडे गेली. "हिला मी भावंडांत सोडतेय."

"कारण काय लिहू?"

"माझी चूक झाली, असं लिहा."

सरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "बरं. एका उंदरानं काही प्रयोग बुडत नाही."

मादी क्षणभर बिचकली आणि भावंडांच्या ढिगात घुसली. ताईला किती दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. रिकामा पिंजरा धुवायला काढावा म्हणून ती परत आली. गोळ्या टाकणारं यंत्र बंद करायचं राहिलं होतं.

दांडी खाली गेली.

गोळी पडली. कोणी उचलली नाही.

पुन्हा दांडी. पुन्हा गोळी. थांबेचना.

आता एकटं कोण राहिलं, ते ताईला उमगलं. या वेळीही ताटातूट तिच्याच हातांनी झाली होती. तिनं दार उघडलं, एक गोळी तळहातावर घेतली आणि हात भुशावर उताणा ठेवला.

"जेवायला येतेस ना?" दारातून सरांनी विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे."

दांडी थांबली. गोळी जागची हलली नाही. काहीतरी इवलं, उबदार, तिच्या तळहातावर येऊन गोल झालं, आणि हळूहळू त्याची थरथर थांबली.