ठकीचे ठोकळे

मुलांच्या कानातलं यंत्र जुळवून देणं हे माझं काम. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात. ऐकू येतंय की नाही, ते मी सांगायचं.

चार वर्षांच्या ठकीचा स्कॅन पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले होते. आतल्या कानात शंखासारखे अडीच वेढे असतात. हिच्या कानात दीडच, पुढे नुसती पोकळी. जणू देव घडवायला बसला आणि कोणीतरी हाक मारली म्हणून अर्ध्यावरच उठून गेला. त्या पोकळीत डॉक्टरांनी बारा टोकांची तार सरकवली. त्याला सहा महिने झाले. तीन तपासण्यांत ठकी दगडासारखी बसून होती. आजही माझा अहवाल ‘नाही’ असाच गेला, तर उद्या पुन्हा शस्त्रक्रिया ठरलेली.

“एवढंसं डोकं ते, ताई,” तिची आई म्हणाली. “त्याची काय पर्ससारखी उघडझाप करायची?”

आवाजबंद खोलीत ठकी माझ्याकडे पाठ करून बसली. कानामागे डोक्याला एक चकती चुंबकाने चिकटते. तिच्यातून आवाज आत जातो. खेळ ठकीला पाठ होता. लाकडी ठोकळा कानाशी धरायचा, आवाज आला की टोपलीत टाकायचा.

मी आवाज सोडायची कळ दाबली.

टप्.

पुन्हा दाबली. पुन्हा टप्. बारा टोकं, बारा ठोकळे, एकदाही चूक नाही. आईने तोंडावर हात दाबला. माझेही डोळे भरले. “पावला गं बाई, देव पावला!” मी म्हटलं.

चकती काढायला हात नेला, तर ती डोक्यावर नव्हतीच. वेणीत अडकून निघाली होती आणि खुर्चीच्या लोखंडी पाठीला चिकटून बसली होती. पडद्यावर लाल इशारा कधीचा लुकलुकत होता. आनंदाच्या भरात मी पाहिलाच नव्हता.

“बसताना खट्कन वाजलं खरं,” आई म्हणाली. “मला वाटलं, तुमचंच काहीतरी असेल.”

मी चकती नीट लावली, कळ दाबली. ठकी ढिम्म.

चकती काढली.

टप्.

या वेळी मी कळीला बोटही लावलं नव्हतं. मघाशी मी कळ दाबत होते म्हणून ती टाकत होती, की ती टाकणार म्हणून माझं बोट खाली जात होतं? आठवू लागले, तर काही केल्या सांगता येईना.

“ऐकू येतंय ना हो तिला?”

“येतंय,” मी म्हटलं. “पण कुठून...”

ठकी वळली. लहान मुलाला शिकवावं तसा तिने एक ठोकळा माझ्या कानाशी टेकवला, माझी बोटं त्यावर मिटवली. दुसरा स्वतःच्या कानाशी धरला.

आम्ही थांबलो.

मला काहीही ऐकू आलं नाही. देवाशपथ.

दोन्ही ठोकळे एकदमच टोपलीत पडले.

अहवालात मी ‘ऐकते’ एवढंच लिहिलं. खोटं नव्हतं ते. मान वर केली, तेव्हा ठकी तिसरा ठोकळा आईच्या कानाशी धरून उभी होती.

आईने डोळे मिटून घेतले होते.