जळगावचा वकील

"हवं तर वकील आणा बरोबर," एवढं बोलून पलीकडच्या कारकुनानं फोन ठेवला आणि खातूनची पोळी तव्यावरच करपली! गुरुवारी कलेक्टर कचेरीत मुलाखत... नागरिकत्वाची मुलाखत! कराचीहून मावशीच्या घरी सून म्हणून ती धुळ्यात आली, सासू-सासऱ्यांची दुखणी काढली, नवऱ्याला, कय्युमला, याच मातीत निजवलं. तरी कागदोपत्री ती अजून परदेशीच होती. दर खेपेला व्हिसाची मुदत वाढवून घ्यायची, पोलीस दारात आले की शेजाऱ्यांची नजर चुकवत कागद दाखवायचे... आणि या वेळी साहेब नाही म्हणाले तर? तिकडं तिचं आता कोण उरलं होतं!

वकील शोधायला लांब जायचं कारण नव्हतं. तो समोरच जेवत बसला होता. सैफ, तिचा एकुलता एक मुलगा, धुळ्याच्या कोर्टात चांगलं नाव काढलेला! पण फोनवरचं ऐकून सैफनं घास खाली ठेवला आणि मान वर केली नाही.

खातूनला सगळं उमगलं. सैफ लहान असताना शाळेत पोरांनी त्याला 'पाकिस्तानी' म्हणून चिडवलं होतं. त्या दिवसापासून त्यानं आईचं माहेर मालेगाव करून टाकलं, आणि तीही बिचारी कुणी विचारलं की खालमानेनं मालेगावच सांगत आली. कोर्टातही सगळे तेच समजत होते.

"अम्मी," तो चाचरत म्हणाला, "जळगावचे एक वकील आहेत, हुशार आहेत. त्यांना सांगतो मी. त्यांना इथं कुणी ओळखत नाही."

"आणि तू, बेटा?"

"माझी... माझी गुरुवारी तारीख आहे."

वकील घरात, आणि आईसाठी मात्र माणूस जळगावहून! राग यावा तर रागही येईना. उलट तिला स्वतःचीच लाज वाटली. कसली मी आई, जिच्यामुळं पोराला तोंड लपवावं लागतं! आणि तो परका वकील तरी पहिल्यांदा काय विचारील? मुलगा काय करतो, हेच ना! मग गोष्ट कोर्टात पोहोचायला किती वेळ!

"परका वकील नको," ती हसल्यासारखं करत म्हणाली. "खरं बोलायला वकील कशाला लागतो? मी एकटी जाईन."

सैफ उठला आणि हात धुवायला गेला.

गुरुवारी कचेरीतले साहेब तसे बरे होते. लग्न कधी झालं, घर कुणाचं, व्हिसा कधी वाढवला, सगळं नीट विचारत होते आणि ती नीट सांगत होती. बाजूला तोताराम कारकून एकेक उत्तर लिहून घेत होता. त्याला पाहून तिला धास्ती वाटत होती, कारण सैफच्या बोलण्यात त्याचं नाव यायचं; त्याची कोर्टात रोजची ये-जा, सगळ्या वकिलांशी ओळख!

"मुलं किती?"

तोतारामची लेखणी थांबली. खातूनला वाटलं, एक म्हटलं की नाव विचारणार... आणि नाव सांगितलं की संपलं! संध्याकाळपर्यंत सगळ्या कोर्टात होईल!

"मूल नाही, साहेब."

साहेबांनी पुढ्यातला कागद पाहिला. "तुमच्या अर्जात तर एक मुलगा लिहिलाय. बाई, इथं खोटं बोललं की अर्ज बाद होतो, ठाऊक आहे ना?"

खरं कारण सांगावं तर सैफ उघडा पडतो...

"विसरले, साहेब."

"पोटचा मुलगा विसरलात?"

तिनं पदर तोंडाशी धरला. लाजेनं धरणी दुभंगावी असं झालं तिला! इतक्यात दार ढकलून कुणीतरी आत आलं. उन्हात गाडी चालवणाऱ्या पोरांसारखा तोंडाला रुमाल गुंडाळलेला, अंगात साधा सदरा. त्यानं रुमाल ओढून काढला. सैफ! म्हणजे हा सकाळपासून दाराबाहेरच बसून होता... तोंड झाकून!

तोताराम उठून उभाच राहिला आणि अहिराणीत बोलून गेला. "वकीलसाहेब, तुम्ही आठे? तुमनी माय ते मालेगावनी शे ना?"

"नाही, तोतारामभाऊ. माझी आई कराचीची आहे. मी आजवर सगळ्यांना खोटं सांगत आलो." सैफला हुंदका आवरेना. "साहेब, ती विसरली नाही. विसरलो मी! आईच्या बाजूनं उभं राहायचं सोडून तिच्यासाठी जळगावचा वकील शोधत होतो मी... बाहेर बसून ऐकत होतो सगळं... अम्मी, माफ कर गं मला!"

त्यानं तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. सारी कचेरी दारात गोळा झाली होती आणि ती ज्याला भीत होती ते सगळं सगळ्यांसमोर झालं होतं. तिनं हात त्याच्या केसांवर ठेवला.

साहेबांनी तोतारामला खाली बसायची खूण केली. मग म्हणाले, "बाई, पुन्हा विचारतो. मुलं किती?"

"एक आहे, साहेब. हा."

"लिही, तोताराम. पण पहिलं उत्तर खोडता येणार नाही. दोन्ही उत्तरं वरच्या साहेबांकडे जातील. निकाल काय लागेल, मी सांगू शकत नाही."

"दोन्ही जाऊ द्या, साहेब," सैफ डोळे पुसत उठला. "पण ती खोटं का बोलली तेही लिहा. मुलाला आईची लाज वाटत होती, म्हणून. माझं नाव घालून लिहा."

तोतारामनं लेखणी उचलली, तशी खातून ताडकन उठली आणि तिनं दोन्ही हातांनी तो कागद झाकला.

"नका लिहू, साहेब!" ती हात न काढता रडत म्हणाली. "माझ्या अर्जाचं काय व्हायचं ते होऊ द्या... पण असं नका लिहू. पोर आहे हो तो अजून!"